फोन मोडा, भाग जमवा

जुने डायलचे फोन हल्ली कुणीही जमवतं. हॉटेलवाले जमवतात, प्री-वेडिंगचे फोटो काढणारे जमवतात. चारचौघांत उठून दिसायचं असेल तर फोनच्या वाटेला जाऊ नका, त्याचे सुटे भाग जमवा. अख्खा फोन पाहून पाहुणा "वा, छान" म्हणतो आणि चहाकडे वळतो. डबीत कापसावर नुसता गव्हर्नर, म्हणजे डायलचा वेग आवरणारा इवला भाग, ठेवा. पाहुणा "हे काय?" विचारतो आणि पुढचा पाऊण तास तुमचा.

पुण्यात असाल तर बुधवारी नाहीतर रविवारी जुना बाजार गाठा. मुंबईकरांना चोरबाजार आहेच. तिथे बंगळुरूच्या आयटीआयचा, म्हणजे इंडियन टेलिफोन इंडस्ट्रीज या सरकारी कंपनीचा, काळा फोन दिसेल आणि विक्रेता सांगेल, "साहेब, ब्रिटिश टाइमचा पीस." आयटीआय निघाली १९४८ साली, म्हणजे साहेब गेल्यावर. तरी वाद घालू नका. स्वस्तात मिळालेली वस्तू संग्राहकाला पचत नाही. मग बेकेलाइटची, म्हणजे कवचाच्या त्या जुन्या कडक प्लास्टिकची, परीक्षा करा: अंगठ्याने कवच गरम होईस्तोवर घासा आणि नाक लावून हुंगा. कार्बोलिकसारखा उग्र वास आला तर माल अस्सल. भर बाजारात फोन हुंगणाऱ्या माणसाला दुकानदार भाव वाढवूनच सांगतो, त्याला इलाज नाही.

फोन चालू असेल तर उत्तमच. चालू फोनचे भाग चांगले निघतात.

घरी आल्यावर डायल उघडा. तुम्ही आकडा फिरवून बोट काढलं की स्प्रिंग तबकडीला मागे खेचते आणि परतीच्या वाटेवर आकड्याइतके ठोके लाइनवर जातात. एकला एक, शून्याला दहा. ठोके सेकंदाला साधारण दहाच पडले पाहिजेत, नाहीतर एक्सचेंजचा गोंधळ उडतो. ते सांभाळतो गव्हर्नर. वेग वाढला की त्याची दोन इवली वजनं बाहेर फाकतात, वाटीच्या आतल्या कडेला घासतात आणि तबकडीला आवरतात. हे घर्षण पाहून तुमचा जीव कळवळेल. लगेच शिवणयंत्राचं तेल सोडा. वजनं वाटीवरून घसरू लागतील, तबकडी सुसाट परतेल आणि इतकी वर्षं निमूट चाललेला डायल कामातून जाईल. आता तो 'दुरुस्तीसाठी भाग हवेत' या सदरात आला, म्हणजे दुसरा फोन विकत घ्यायला सबळ कारण मिळालं. घरच्यांना एवढंच सांगा, "पहिल्यासाठीच घेतोय."

डायलचं कुलूप मात्र सोडू नका. एकच्या भोकात बसणारं हे चिमुकलं कुलूप घरमालक लोक भाडेकरूंपासून बिल वाचवायला लावत. किल्लीसकट मिळालं तर मागतील ते मोजा. घरातली पोरं रिसीव्हर ठेवायच्या क्रेडलचं बटण तालात टकटकवून कुलपासकट नंबर लावायची, हे विक्रेत्याला सांगू नका आणि स्वतःही विसरा. ज्या कुलपाने एकही कॉल अडवला नाही, ते दुर्मिळ म्हणून जपायचं असेल तर स्मरणशक्ती थोडी अधू हवी.

प्रत्येक भागाला घराणं लागतं. "आजोबांच्या फोनमधली घंटी" म्हटलं की वजन येतं. वास्तविक तो फोन आजोबांचा कधी नव्हताच. मालकी पोस्ट आणि तार खात्याची. आजोबा वर्षानुवर्षं वेटिंग लिस्टवर थांबले आणि मग भाडं भरत राहिले. पण सरकारी मालमत्तेची घंटी म्हटल्यावर कोण हात लावून बघेल?

तबकडीच्या मधोमध गोल कागद असतो. त्यावर कुणीतरी शाईने सहा आकडी नंबर लिहिलेला असतो, सात हा आकडा जरा घाईत काढलेला, कडेला हळदीचं बोट. हा कागद ताबडतोब फेका. छापील, कोरा, 'अस्सल वाटणारा' कागद मिळतो, तो बसवा. वापरलेल्या वस्तूला मागणी असली तरी ती वापरलेली दिसणं चालत नाही.

कुणी टोमणा मारलाच तर ॲल्मन स्ट्राउजरचं नाव घ्या. आपोआप जोडणाऱ्या एक्सचेंजचं पेटंट त्याला १८९१ साली मिळालं, आणि त्याचा मूळ धंदा अंत्यसंस्काराचा. धंदेवाईक म्हणून तुम्ही त्याच्याच गादीवर बसला आहात. फरक इतकाच, की त्याच्याकडे येणारी गिऱ्हाइकं आधीच गेलेली असत.

असे चार फोन मोडलेत की एक तंतोतंत फोन उभा राहील. कवच एकाचं, रिसीव्हर दुसऱ्याचा, घंटीच्या वाट्या तिसऱ्याच्या. घरी फायबरचं इंटरनेट असेल तर हौसेने त्याच्या डब्याला जोडून बघा. असे कित्येक डबे डायलचे ठोके ओळखतच नाहीत. नंबर काही लागायचा नाही. मग जास्त विचार करू नका, पुन्हा सुटा करून टाका. नाहीतरी सुट्या भागांनाच भाव जास्त आहे.