आजारी पडायची सोय

"तिकडे काय करतात?" हा प्रश्न चोपड्याच्या घरून मला जर्मनीत महिन्यातून एकदा तरी येतो. विषय कधी पोरांना शाळेत घालायचं वय असतं, कधी नुसता रस्त्यातला खड्डा. या वेळी विषय होता आप्पांचा दंड. त्यात फ्लूची लस टोचायची की नाही.

आप्पा 74 वर्षांचे, साखरेचे जुने रुग्ण. गेल्या पावसाळ्यात तापाने पंधरा दिवस खाटेवर होते. वहिनी गावात आशा सेविका आहे. यंदा पाऊस पडायच्या आत लस देऊन टाकू, असा तिने धोशा लावला. दादाने मळ्यातल्या निंबावर चढलेली गुळवेल तोडून आणली, तिचा काढा रोज सकाळी सुरू केला आणि सांगून टाकलं की प्रतिकारशक्ती आतून वाढावी लागते, बाहेरून टोचून वाढत नसते. मग दोघांनी वेगवेगळे फोन केले. जर्मनीत लोक आता निसर्गाकडे वळलेत, हे दादाला माझ्या तोंडून हवं होतं. तिकडे सगळे मुकाट्याने लस घेतात, हे वहिनीला. मला दोघांच्याही पदरात काही टाकता आलं नाही.

मी राहतो लाइपझिगला. इथे एका चौकात होमिओपॅथीचे जनक, जर्मन डॉक्टर हानेमान यांचा 1851 साली उभारलेला पुतळा आहे, ऑफिसला जाताना वाटेत लागतो. पहिल्यांदा दिसला तेव्हा फोटो काढून वहिनीला पाठवला होता, खाली लिहिलं होतं, "तुमचे जुने साहेब". त्यामागे कथा आहे. 2020च्या जानेवारीत आयुष मंत्रालयाने करोना टाळण्यासाठी आर्सेनिकम अल्बम 30 या होमिओपॅथिक औषधाची शिफारस केली. पावसाळ्यापर्यंत त्याच्या इवल्या बाटल्या आमच्या गल्लीत पोचल्या आणि वाटपाचं काम आलं वहिनीकडे. मी तेव्हा पुण्याची नोकरी गावाकडून करत होतो. नेट मिळायला घराच्या धाब्यावर चढावं लागायचं, तिथून मला तिची फेरी दिसायची. एकाही घराने तिला प्रश्न विचारला नाही. बाटली घेतली, कपाळाला लावली, आत ठेवली.

त्यातला 30 म्हणजे काय? मूळ पदार्थाचा एक भाग घेऊन शंभर पट पातळ करायचा, आणि असं तीस वेळा. हिशेब एकावर साठ शून्यं इतका जातो. बाराव्या खेपेच्या आसपासच मूळ पदार्थाचा एखादा रेणू तरी उरला असेल, ही शक्यता संपते. पुढे उरते ती साखरेची गोळी. "आप्पांना साखर आहे, तेव्हा त्यांच्यावर परिणाम होईल खरा," असं मी म्हणालो होतो. दोन दिवस माझ्याशी कुणी बोललं नाही.

दुसऱ्या वर्षी तीच वहिनी, तीच पिशवी, आत लसीकरणाची यादी. ज्यांनी बाटली न बघता घेतली होती त्यांनी सुईसाठी मात्र चाळीस शंका काढल्या. सुई दुखते आणि गोळी गोड लागते, याच्यापलीकडे त्यात फार तत्त्वज्ञान होतं असं मला वाटत नाही.

आता इथलं. लाइपझिग ज्या सॅक्सनी राज्यात आहे ते करोनाची लस घेण्यात जर्मनीत सर्वांत मागे राहिलं. गंमत अशी की हाच भाग पूर्वी पूर्व जर्मनीत होता. त्या राजवटीने 1960 साली तोंडावाटे द्यायची सोव्हिएत पोलिओ लस पोराबाळांना देऊन पोलिओ जवळजवळ हद्दपार केला होता. पुढच्या वर्षी पश्चिम जर्मनीला त्यांनी तीस लाख डोस देऊ केले. पश्चिमेने ते घेतले नाहीत, कारण ते पूर्वेकडून आले होते. आमच्या शेजारच्या आजींना लहानपणी घेतलेली ती लस आठवते. त्यांचा मुलगा मात्र आपल्या पोरीला सर्दी झाली की साबुदाण्यासारख्या पांढऱ्या गोळ्या देतो आणि मला समजावतो की तुमच्या भारतात हे सगळं आधीपासूनच माहीत होतं. त्याला हानेमान कुठले हे सांगायचं माझ्या अगदी ओठांवर येतं. म्हणजे दादा त्याला भेटला तर दोघांची गट्टी जमेल, फक्त भाषेची अडचण.

पण इथल्या एका गोष्टीने माझं मत खरंच हललं, आणि ती ना लस होती ना गोळी.

आम्ही 2022 साली इथे आलो. त्या पहिल्याच हिवाळ्यात पोराला ताप भरला, 39.4, म्हणजे आपल्याकडचा 103. डॉक्टरीणबाईंनी कान, घसा, छाती तपासली आणि म्हणाल्या, विषाणूचा ताप आहे. भरपूर पाणी, चहा, झोप. ताप फारच चढला आणि पोरगं कण्हायला लागलं तर पॅरासिटामॉल. श्वास जोरात चालला, पाणी पिईना किंवा तीन दिवसांत उतार पडला नाही तर परत या. बस. ‘चहा’ म्हणजे आपला नव्हे, बडीशेपेचं नाहीतर कॅमोमाईल फुलांचं कोमट पाणी. बायको रस्त्यात रडायला आली. रात्री दादाचा फोन.

"काय देस तुना डॉक्टर?"

"चहा."

पलीकडे बराच वेळ शांतता होती. आपल्याकडे अशा तापाला सुई असते, चार रंगांच्या गोळ्या असतात आणि अंगात अशक्तपणा असेल तर सलाईन. सलाईनशिवाय घरी पाठवणारा डॉक्टर हुशार नसतो. त्या चार रंगांत एक बहुतेक वेळा अँटिबायोटिक असतं, जे जिवाणूंवर चालतं, विषाणूंना त्याचं काहीच वाटत नाही. आपल्या घरातला वाद काढा विरुद्ध लस असा लावला जातो, पण रोजच्या व्यवहारात काढ्याच्या समोर उभी असते ती ही अनावश्यक सुई आणि बाटली. तिच्यापेक्षा काढा परवडला, हे मी दादाला प्रामाणिकपणे सांगितलं. त्याने तेवढंच वाक्य लक्षात ठेवलं.

डॉक्टरीणबाईंनी आणखी एक कागद दिला होता. पोरगं आजारी असल्याने आई किंवा वडील कामावर येऊ शकत नाहीत, असं लिहिलेला. इथे 2024पासून आई-वडिलांपैकी प्रत्येकाला एका मुलामागे वर्षाला पंधरा दिवस अशी रजा मिळते आणि पगाराचा बराचसा भाग विमा कंपनी देते. आपण स्वतः आजारी पडलो तर सहा आठवडे पूर्ण पगार मालक देतो. ताप अंगात घेऊन ऑफिसात गेलो तर कौतुक होत नाही, लोक खुर्ची लांब सरकवतात.

तीन दिवस मी पोराशेजारी पडून होतो. चौथ्या दिवशी ते उठून नाचायला लागलं.

त्या तीन दिवसांत मला माझी आजी आठवली. माझ्या लहानपणी कांजण्या आल्या तेव्हा घरात ‘माता’ आली होती. खाटेवर कडुनिंबाचा पाला, दाराला निंबाची डहाळी. बाहेरच्याने घरात यायचं नाही, मी ओसरीवर जायचं नाही. फोडणी बंद, घरात मऊ भात आणि ताक. मोठ्याने बोलायचंसुद्धा नाही, मातेला त्रास होतो. आजीला विषाणू हा शब्द ठाऊक नव्हता, पण विलगीकरण, विश्रांती, हलकं जेवण आणि पाणी हे सगळं तिने देवीच्या धाकाने पक्कं बसवलं होतं. डॉक्टरीणबाई तेच सांगत होत्या, देवीच्या जागी विमा कंपनी. आपण त्यातला पाला तेवढा उचलला, त्याचं चूर्ण करून डबीत भरलं. पडून राहायचं कलम मात्र गळालं.

‘प्रतिकारशक्ती वाढवा’ या घोषणेशी माझं भांडण इथेच आहे. ती काय टाकीतलं पाणी आहे की मोटार लावली आणि पातळी वर आली? करोनाच्या गंभीर रुग्णांत पुष्कळदा शरीराची स्वतःची प्रतिक्रियाच बेभान होऊन फुप्फुसं बिघडवत होती. 2020च्या जूनमध्ये ऑक्सफर्डच्या चाचणीतून कळलं की डेक्सामेथासोन या जुन्या, स्वस्त स्टेरॉइडने व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांचे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने घटतात. हे औषध प्रतिकारशक्ती दाबतं. जगभर काढे उकळत होते तेव्हा जीव वाचवत होती ती दाबणारी गोळी. आणि तीच गोळी ऑक्सिजनची गरज नसलेल्यांनी, साखर हाताबाहेर असलेल्यांनी भरमसाट घेतली, तेव्हा 2021मध्ये काळी बुरशी आली. तेव्हा वाढवा किंवा दाबा, असं सरसकट काही नसतंच.

मग घरच्या उपायांत काहीच नाही का? आहे की. एक वर्षावरच्या मुलाला मध दिला तर खोकला थोडा निवतो, याला बऱ्यापैकी आधार आहे. वर्षाच्या आतल्या बाळाला मात्र मध चाटवू नये, त्यातून क्वचित का होईना, जिवावर बेतणारी विषबाधा होते. आलं-तुळशीच्या गरम पाण्याने घसा शेकतो, नाक सुटतं, चार घोट पाणी जास्त जातं पोटात. क जीवनसत्त्व रोज घेऊन सामान्य माणसाची सर्दी टळत नाही, मोठ्यांचं दुखणं साधारण आठ टक्क्यांनी कमी टिकतं. म्हणजे सहा दिवसांच्या सर्दीत अर्धा दिवस. त्यासाठी गोळ्या घ्यायच्या की पेरू खायचा, ज्याचं त्याने ठरवावं. ड जीवनसत्त्वाची गोळी मी इथे हिवाळाभर घेतो, कारण डिसेंबरात सूर्य असला तरी कामाचा नसतो. ही गोष्ट मे महिन्यात 45 अंशांत भाजून निघणाऱ्या दादाला सांगितली तर तो हसून लोळायचा.

झोपेचं मात्र ऐकण्यासारखं आहे. अमेरिकेत 164 निरोगी माणसांच्या नाकात मुद्दाम सर्दीचा विषाणू सोडला. रात्री सहा तासांहून कमी झोपणाऱ्यांना सात तासांहून जास्त झोपणाऱ्यांच्या चौपट वेळा सर्दी झाली. हा 2015चा प्रयोग. झोप डबीत भरता येत नाही, म्हणून तिची जाहिरात दिसत नाही.

गुळवेलीचं जरा वेगळं. मावशीने ती सहा महिने रोज घेतली, आणि डोळे पिवळे झाले. डॉक्टरांनी ती बंद करायला लावली, मावशी बरी झाली. एका मावशीवरून काही सिद्ध होत नाही, मान्य. पण 2021मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेतलेल्या सहा रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याचं प्रसिद्ध केलं होतं. आयुष मंत्रालयाने हरकत घेतली की दुसरीच एखादी वेल गुळवेल समजून खाल्ली गेली असेल. असेलही. मग दादाने निंबावरून ओढून काढलेली कुठली, हे कोण तपासणार? ‘झाडपाल्याने अपाय होत नाही’ हे वाक्य शेतकऱ्याच्या घरात तरी कुणी बोलू नये. धोतऱ्याचं बी काय कारखान्यात बनतं?

आणि लस ‘बाहेरची’ कशी? ती टोचली जाते बाहेरून, पण पुढचं सगळं शरीरच करतं. शत्रूचा फोटो दाखवायचा, ओळख पटली की पेशी आपलं काम शिकतात आणि लक्षात ठेवतात. दादाला हवी असलेली ‘आतून वाढणारी’ शक्ती हीच. मुंबईत 14 जून 1802 रोजी तीन वर्षांच्या ॲना डस्टहॉलला देवीची लस टोचली, ती भारतातली पहिली. देवीचा रोग जगातून गेला, तो घालवायला निंबाचा पाला पुरला नव्हता.

इथे 1 मार्च 2020पासून कायदा आहे, गोवराच्या लसीचा पुरावा दाखवल्याशिवाय बालवाडीत प्रवेश नाही. आमच्या पोराचं जन्मापासूनचं कार्ड मराठीत, हळदीचा डाग पडलेलं, कोपरे दुमडलेले. डॉक्टरीणबाईंनी भिंगातून बघावं तसं ते बघितलं, मी तारखा वाचून दाखवल्या, त्यांनी पिवळ्या पुस्तिकेत एकेक उतरवून शिक्का मारला. नववा महिना, गोवर-रुबेला. शेजारी आमच्या नर्सताईंच्या तिरप्या अक्षरात अ जीवनसत्त्वाचा डोस. त्या एका ओळीत लस आणि पोषण शेजारी शेजारी लिहिलेलं आहे. गोवर शरीरातलं अ जीवनसत्त्व खातो, आणि ते आधीच कमी असलेल्या पोराचे डोळे आणि जीव दोन्ही धोक्यात येतात. नंदुरबारमधल्या अक्राणी-अक्कलकुव्याकडच्या कुपोषित लेकरांसमोर आमच्या घरचा वाद काढून बघावा. नर्मदाकाठच्या काही पाड्यांवर लस होडीने न्यावी लागते. तिथे ‘नैसर्गिक की वैद्यकीय’ असं विचारणाऱ्याला आईने हाकलून द्यावं.

आप्पांच्या दंडाकडे येतो. फ्लूची लस काही कवच नाही. विषाणूशी जुळणी चांगली झाली त्या वर्षी ती साधारण 40 ते 60 टक्के दुखणी टाळते, आणि दरवर्षी घ्यावी लागते. पण 74 वर्षांच्या, साखर असलेल्या माणसाला त्यामुळे दवाखान्यात झोपवायची वेळ टळली तरी खूप झालं. आपल्याकडे फ्लूचा मोठा जोर पावसाळ्यात असतो, तेव्हा मे-जूनचा वहिनीचा आग्रह बरोबर आहे. इथल्यासारखं ऑक्टोबरात घेऊन आपल्याला चालणार नाही. "तिकडे काय करतात" याचं उत्तर इथे उपयोगाचंच नव्हतं.

हे सगळं मी दादाला रविवारी सांगणार होतो. फोन त्याने उचलला तो मळ्यातून. मागे माणसांचा आवाज, ट्रकचा हॉर्न. त्याचा स्वतःचा घसा बसला होता. वहिनीने मागून ओरडून सांगितलं की सकाळी 101 होता, काढा पिऊन आणि वर तापाची गोळी घेऊन गेलाय.

"घरी जाऊन पड ना," मी म्हणालो.

"कटाईवाले आज आलेत, परत पंधरा दिवस मिळत नाहीत. केळी झाडावर पिकू देऊ का?" मग खोकून म्हणाला, "त्या कटाईवाल्यांतला एक माझ्याहून जास्त फणफणलाय. तो बी उभा आहे. आप्पांचं संध्याकाळी बोलू, आता गाडी भरू दे."