मेव्हणा येतोय, दाखवायचं काय?

रविवारी रात्री कट्ट्यावर बंड्या फार खुशीत होता. पुण्याहून मेव्हणा सहकुटुंब येतोय, सोम-मंगळ दोनच दिवस. बेतही ठरलेला: सोमवारी अजिंठा, मंगळवारी वेरूळ.

"जन्म संभाजीनगरात गेला ना तुझा?" अण्णा म्हणाले. "सोमवारी अजिंठा बंद, मंगळवारी वेरूळ. पाहुण्यांना दोन्हीकडची कुलपं दाखवून आण."

बेत उलटा केला. सोमवारी वेरूळ, तिथूनच घृष्णेश्वराचं दर्शन. यावर वाद नव्हता. सोळा नंबरचं कैलास बघून कोण नाराज होतं? मंगळवारवरून मात्र पेटलं, कारण मी म्हटलं, अजिंठा राहू दे, लोणारच्या सरोवराला ने.

"दीडशे किलोमीटर जाऊन खारं पाणी बघायचं?" पक्या उसळला. "वास मारतं ते. मी दहा मिनिटांत परत फिरलो होतो."

ही दहा मिनिटंवाली मंडळी! काठावर गाडी लावायची, फोटो काढायचा अन् 'काही नाही तिथं' म्हणत सुटायचं. अरे, जवळपास १.८ किलोमीटर रुंद अन् दीडशे मीटर खोल विवर, तेही उल्का आदळून काळ्या बेसॉल्ट खडकात झालेलं. काठाशी धार नावाच्या झऱ्याला बारमाही गोडं पाणी, तळाशी सोड्यासारखं खारं. गावात दैत्यसूदनाचं देऊळ आहे, त्याच्या बाहेरच्या भिंतींवरच्या मूर्ती बघता बघता मान दुखते. विष्णूनं लवणासुराला इथं मारलं म्हणतात. लवण म्हणजे मीठ. कथा रचणाऱ्यानं आधी पाणी चाखलं असणार.

"ते गुलाबी झालं होतं तेच ना?" पक्या जरा नरमला.

तेच. २०२० च्या जूनमध्ये. पाणी आटलं, खारटपणा वाढला आणि मिठात जगणाऱ्या सूक्ष्मजीवांनी रंग धरला. त्याच वर्षी नोव्हेंबरात लोणार रामसर यादीत, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत गेलं.

"म्हणूनच नेऊ नका," अण्णा. "आता समृद्धीवरून मेहकरला उतरलं की पोचलंच. सगळे चिप्सची पाकिटं घेऊन खाली उतरले तर त्या तळ्याचं काय होईल? अन् अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यातलं पद्मपाणीचं चित्र न दाखवता पाहुणा परत पाठवायचा?"

पद्मपाणीपुढे माझी बोलती बंद झाली, खरं सांगतो. पण अजिंठ्यात मुलं अंधारात कंटाळतात. लोणारात तळ्याकाठच्या कमळजा देवीच्या देवळापर्यंत झाडीतून उतरताना मोर दिसला तर तीच मुलं वर यायला तयार होत नाहीत.

"अन् सासूबाईंचे गुडघे?" बंड्यानं पहिल्यांदाच तोंड उघडलं.

पायऱ्या दोन्हीकडे आहेतच. शेवटी त्यानं मेव्हण्यालाच फोन लावला, स्पीकरवर. पाचेक मिनिटं मी उल्का, असुर, बेसॉल्ट सगळं सांगितलं. पलीकडून बराच वेळ नुसतं हं-हं.

मग विचारतो, "भावजी, पोहता येतं का त्यात?"