होतकरू बहुश्रुतास हितोपदेश

डिसेंबर उजाडला की आपल्या परिचयातील प्रत्येक सुशिक्षित माणूस वर्षभरात वाचलेल्या पुस्तकांची आणि पाहिलेल्या चित्रपटांची यादी जाहीर करतो, आणि आपण मात्र तिच्याखाली अंगठा उमटवून गप्प बसता, हे आपल्या प्रतिष्ठेस शोभणारे नाही. कोल्हापुरात माणसाची पत पूर्वी त्याच्या तालमीवरून, गुऱ्हाळावरून किंवा दावणीच्या म्हशींवरून ठरत असे. आता ती यादीवरूनही ठरू लागली आहे, आणि यादीला म्हशीप्रमाणे पहाटे उठून वैरण घालावी लागत नाही, हा तिचा मोठाच गुण आहे. येत्या वर्षी आपलीही यादी निघावी म्हणून हे चार शब्द.

यादीचा पहिला, आणि खरे तर एकमेव, नियम असा की तिच्यातील कोणत्याही दोन नोंदींचा एकमेकींशी संबंध असता कामा नये. संबंध असला की माणूस त्या विषयाचा अभ्यासक ठरतो आणि अभ्यासकाला लोक प्रश्न विचारतात. संबंध नसला की तो बहुश्रुत ठरतो आणि बहुश्रुताकडे लोक नुसते आदराने पाहतात. म्हणून मधमाश्यांवरचे एक पुस्तक, रोमन साम्राज्याच्या ऱ्हासावरचे एक, आतड्यातील जिवाणूंवरचे एक, आणि त्यांच्या जोडीला एक जपानी चित्रपट, एक इराणी चित्रपट व मराठीपणाचा पुरावा म्हणून एखादा जुना मराठी बोलपट एवढे जमवले की निम्मे काम झाले. मधमाश्यांचा जाणकार भेटला तर आपण रोमकडे सरकावे, इतिहासाचे प्राध्यापक भेटले तर जिवाणूंकडे, आणि डॉक्टर भेटले तर थेट जपानकडे. हे तिघेही एकाच संध्याकाळी रंकाळ्याच्या कट्ट्यावर एकत्र गाठण्याचा संभव कमी असतो, आणि गाठलेच तरी ते फुटबॉलवर बोलत असतात.

विषय एकमेकांपासून पुरेसे दूर आहेत की नाहीत, हे ठरवण्यासाठी मेल्विल ड्युई या अमेरिकन ग्रंथपालाने १८७६ मध्ये प्रसिद्ध केलेली दशांश वर्गीकरण पद्धती फार उपयोगी पडते. प्राचीन रोम ९३७ या क्रमांकाखाली येते आणि चित्रपट ७९१.४३ खाली येतात. दोन नोंदींच्या क्रमांकांत जितके अंतर, तितका आपला व्यासंग मोठा असे सरळ धरून चालावे. मात्र मधमाशीच्या बाबतीत सावध राहावे, कारण कीटक म्हणून ती ५९५ मध्ये सापडते आणि मधमाशीपालन ६३८ मध्ये जाते. दोन्ही पुस्तके घेतली तर क्रमांक दूरचे दिसूनही विषय एकच निघतो आणि आपण नकळत त्यातले जाणकार ठरण्याचा धोका उद्भवतो. जाता जाता हेही लक्षात ठेवावे की ड्युईने ० पासून सुरू होणारा पहिलाच वर्ग, कोणत्याही एका विषयात न बसणाऱ्या संकीर्ण ग्रंथांनाही जागा मिळावी अशा बेताने आखला आहे. आपल्यालाच कपाटात ठेवण्याची वेळ एखाद्या ग्रंथपालावर आली, तर तो फार विचार करणार नाही.

आता या उद्योगातील सर्वांत मोठ्या संकटाविषयी थोडे विस्ताराने सांगितले पाहिजे. असंबद्ध म्हणून निवडलेल्या गोष्टी आपल्या पाठीमागे एकमेकींशी बोलू लागतात. समजा, आपण कोल्हापूरच्या अभिमानापोटी बाबूराव पेंटर यांचा १९२५ चा ‘सावकारी पाश’ हा मूकपट यादीत घातला. त्यातील शेतकऱ्याची जमीन सावकाराच्या घशात जाते आणि तो शहरात येऊन गिरणीत मजूर होतो, ही भूमिका तरुण व्ही. शांताराम यांनी केली होती, एवढे सांगून थांबणे शहाणपणाचे. परंतु आपण मनाने दुबळे असाल, तर त्या सावकाराच्या हाती एवढे बळ आले कोठून, असा प्रश्न आपल्याला पडेल आणि तेथून घसरगुंडी सुरू होईल. मग १८७५ च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यातील सुपे येथे पेटलेले दख्खनचे दंगे वाचावे लागतील, आणि त्या शेतकऱ्यांचा रोख सावकाराच्या जिवापेक्षा त्याच्या कर्जरोख्यांवर आणि वह्यांवर होता, ते कागद त्यांनी रस्त्यात आणून जाळले, हे कळेल. त्यामागे रयतवारीचा वाढीव सारा होता हे कळेल. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात इकडच्या कापसाला सोन्याचा भाव आला, त्या भरवशावर कर्जे निघाली, १८६५ मध्ये युद्ध संपताच भाव कोसळला आणि कर्जे तशीच राहिली, हेही कळेल. त्यानंतर सरकारने चौकशी आयोग नेमला आणि १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी वेगळा कायदा केला, तोही चाळावासा वाटेल. एवढे होईपर्यंत दिवाळी उलटून गेलेली असते, रोम आणि जिवाणू कपाटात तसेच असतात, आणि यादीत एकच ओळ असते. अशा माणसाला डिसेंबरात सांगण्यासारखे काहीच उरत नाही. त्याला केवळ सावकारी समजलेली असते.

या बाबतीत खुद्द बाबूराव पेंटर यांचे उदाहरण अत्यंत अनिष्ट आहे आणि ते होतकरू यादीकारांच्या दृष्टीआड ठेवणेच बरे. त्यांच्यापुढे विषयांची काय कमतरता होती? ते चित्रकार होते, शिल्पकार होते, नाटकमंडळ्यांचे पडदे रंगवीत होते, यंत्रांत डोके घालीत होते आणि त्यांना महाभारतही ठाऊक होते. आजच्या कोणत्याही सुज्ञ माणसाने या पाच विषयांची ‘यंदा माझे कुतूहल’ अशी एक सुबक यादी केली असती आणि तो मोकळा झाला असता. बाबूरावांनी मात्र हे सगळे एकाच कामाला जुंपले. चुलतबंधू आनंदराव यांच्याबरोबर त्यांनी चित्रपटाचा ध्यास घेतला. आनंदराव १९१६ मध्ये वारले, तरी हा ध्यास सुटला नाही आणि विष्णुपंत दामले यांच्या साहाय्याने त्यांनी कॅमेरा येथेच, कोल्हापुरात, स्वतः तयार केला. मग महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी राहिली आणि १९२० मध्ये ‘सैरंध्री’ पडद्यावर आला. त्यातला कीचकवध इतका खरा वाटला की त्याला सेन्सॉरची कात्री लागली. एका चित्रपटासाठी काही वर्षे घालवणे आणि तोही स्वतःच्या हातांनी बनवणे, हा वेळेचा किती अपव्यय आहे, हे आपल्यासारख्या रसिकास वेगळे सांगायला नको. तेवढ्या अवधीत आपण दोनशे चित्रपट दीडपट वेगाने पाहिले असते.

तथापि मूकपट यादीत असावेतच, आणि त्यांची शिफारस करण्याचे कारण निराळे आहे. त्या काळची रिळे नायट्रेटची, म्हणजे सहज पेट घेणारी आणि दमट हवेत सडणारी असत. कित्येक रिळांतून चांदी काढून घेतली गेली. भारतात तेव्हा निघालेल्या चित्रपटांपैकी फारच थोडे आज पाहता येतात. जो चित्रपट कोणालाच पाहता येत नाही, त्याच्याविषयी बोलण्याचा अधिकार आपल्याला इतरांइतकाच असतो. ‘छायाप्रकाशाचा वापर’ हे दोन शब्द येथे कधीही दगा देत नाहीत. ‘संवाद फार प्रभावी होते’ असे मात्र मूकपटाविषयी म्हणू नये. तोंडून निघून गेलेच, तर ‘सावकारी पाश’पुरती सुटकेची वाट आहे, कारण बाबूरावांनी तीच कथा १९३६ मध्ये बोलपट म्हणून पुन्हा केली होती. आपल्याला तोच म्हणायचा होता असे शांतपणे सांगावे आणि समोरच्याकडे किंचित कीव केल्यासारखे पाहावे.

साहित्यावर आधारलेले चित्रपट दुहेरी लाभाचे असतात, कारण एकाच खर्चात पुस्तक आणि चित्रपट अशा दोन नोंदी भरतात. त्यांत खड्डे मात्र पुष्कळ आहेत. ‘कुंकू’ हा शांताराम यांचा १९३७ चा चित्रपट, प्रभात कंपनी कोल्हापूर सोडून पुण्यास गेल्यानंतरचा, आपट्यांच्या कादंबरीवरून निघाला, इतके बहुतेकांना ठाऊक असते. पण आपटे दोन होते. हरि नारायण आपटे १९१९ मध्येच वारले. ‘कुंकू’ची मूळ कादंबरी ‘न पटणारी गोष्ट’ ही नारायण हरि आपटे यांची. नावे उलटसुलट असल्यामुळे अर्धा महाराष्ट्र येथे घसरतो, आणि तो सावरण्याच्या आत त्याला आठवते की चित्रपटातील नायिका शांता आपटे होत्या. तेव्हा केवळ ‘आपटे’ म्हणावे आणि पुढच्या विषयाकडे वळावे. ऐकणारा आपल्या सोयीचा आपटे धरून घेतो.

जपानी चित्रपट निवडताना अकिरा कुरोसावा यांच्या ‘राशोमोन’वर सर्वांचे एकमत होते. हा १९५० चा चित्रपट आणि १९५१ मध्ये व्हेनिसला त्यास सर्वोच्च पारितोषिक मिळाले, हे पाठ असावे. तो त्याच नावाच्या कथेवरून घेतला असे सांगण्याचा मोह मात्र आवरावा, कारण अकुतागावा यांच्या त्या कथेतून मुख्यतः नाव आणि पडक्या वेशीची पार्श्वभूमी आली असून रानातल्या खुनाचा मूळ प्रसंग त्यांच्याच दुसऱ्या कथेतला आहे. चित्रपटात एकाच घटनेच्या चार परस्परविरोधी साक्षी निघतात: दरोडेखोराची, स्त्रीची, मांत्रिक बाईच्या तोंडून मेलेल्या नवऱ्याची आणि लाकूडतोड्याची. चित्रपट न पाहता आपण जे सांगू ती पाचवी साक्ष होईल आणि दिग्दर्शकाच्या हेतूशी ती पूर्णपणे सुसंगत असेल.

इराणी चित्रपटासाठी ‘लहान मूल’ आणि ‘साधेपणा’ एवढे पुरे.

मधमाश्यांच्या पुस्तकातून एकच माहिती घ्यावी. फुले सापडलेली माशी पोळ्यात परत येऊन नाचते, त्या नाचाच्या कोनातून सूर्याच्या संदर्भाने दिशा आणि नाच किती वेळ चालतो यावरून अंतर बाकीच्या माश्यांना कळते. कार्ल फॉन फ्रिश यांनी ही भाषा उलगडली आणि १९७३ च्या नोबेल पारितोषिकात त्यांचा वाटा होता. येथे बोलणे थांबवावे, कारण पुढचा विचार अडचणीचा आहे. पत्ता सांगण्यापूर्वी त्या बिचारीला फुलापर्यंत स्वतः उडत जाऊन यावे लागते. कीटकांची ही मागासलेली अवस्था आहे आणि तिची चर्चा यादीकाराने टाळलेली बरी.

आता ग्रंथालयाविषयी. आपल्या गावात करवीर नगर वाचन मंदिर १८५० पासून आहे, आणि कोल्हापूर संस्थानाने सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा १९४५ मध्ये केला, तेव्हा महाराष्ट्र राज्य जन्मलेही नव्हते. राज्याचा कायदा १९६७ चा. म्हणजे घेतलेले पुस्तक परत न करण्याच्या बाबतीत आपल्याला इतर जिल्ह्यांवर बावीस वर्षांची कायदेशीर आघाडी आहे. ग्रंथालयाचे सभासद जरूर व्हावे, कारण कार्ड खिशातून डोकावले की शोभा येते. शियाळी रंगनाथन यांनी १९३१ मध्ये ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रे मांडली, त्यांतले चौथे सूत्र वाचकाचा वेळ वाचवा असे सांगते. जो मुळीच वाचत नाही त्याचा सगळाच वेळ वाचतो, तेव्हा या सूत्राचे आपल्याइतके निष्ठावान पालन कोणी केले नसेल. पहिले सूत्र पुस्तके वापरण्यासाठी आहेत असे म्हणते. यादीत घालणे हादेखील वापरच होय.

वाचनालयातला एक प्राणी मात्र जपून ओलांडावा. कोपऱ्यातल्या टेबलाशी, चष्म्याची काडी दोऱ्याने बांधलेले एक काका बसलेले असतात. त्यांची यादी नसते. ते एका लेखकाचे सगळे खंड ओळीने वाचतात, मग त्या लेखकाने कोणाला शिव्या दिल्या ते पाहून त्याचे वाचतात, आणि ‘यंदा काय वाचलंत काका?’ या प्रश्नावर ‘काय न्हाई, तेच चाललंय’ असे उत्तर देतात. बौद्धिक महत्त्वाकांक्षेचा असा अभाव पाहून आपले मन खट्टू होण्याचा संभव असल्याने त्यांच्याजवळ फार वेळ थांबू नये. शिवाय त्यांना कोल्हापुरी सवय असते. पुण्यात माणूस आपल्या यादीतला दोष काढतो, त्याने निदान यादीचे महत्त्व वाढते. येथे सगळे ऐकून घेतात, मिसळीचा कट आणखी मागवतात आणि सरळ विचारतात, ‘बरं, पण त्यात हाय काय?’ या पाच शब्दांसमोर भलेभले व्यासंगी गारद झालेले आहेत, कारण ड्युईच्या पद्धतीत या प्रश्नाला क्रमांक नाही.

सुदैवाने आपल्या काळाने त्यावर एक अमोघ अस्त्र दिले आहे. कथेचा शेवट फोडणे हे आता महापातक मानले जाते, त्यामुळे ‘सांगितलं तर तुमची मजा जाईल, भावा, स्वतःच वाचा’ एवढे म्हटले की ज्याने शेवट गाठलेला नाही तो शेवट जपणारा सज्जन ठरतो. हे अस्त्र चित्रपटांपुरते ठेवण्याचे कारण नाही. यादीत एडवर्ड गिबनचे रोमवरचे सहा खंड असतील, आणि ते संक्षिप्त आवृत्तीतले असले तरी सहाच सांगावेत, तर ते १७७६ ते १७८८ या काळात प्रसिद्ध झाले इतके बोलून पुढे मौन पाळावे. पश्चिमेकडचा शेवटचा सम्राट ४७६ मध्ये पदच्युत झाला म्हणून विषय तेथेच संपतो, अशी चूक अनेकजण करतात. गिबन तेव्हा साधारण अर्ध्या वाटेवर असतो आणि त्याला पुढे १४५३ पर्यंत जायचे असते. ही माहितीही आपण देऊ नये. रोमन साम्राज्याचे पुढे काय झाले असे कोणी विचारलेच, तर आवाज खाली आणून सांगावे की शेवट फारच अनपेक्षित आहे.