‘लाईट घेतली की पुरुषत्व गेलं’: त्या मेसेजला मुद्द्यांनिशी उत्तर

सोलापुरातल्या ज्येष्ठ नागरिकांच्या, मॉर्निंग वॉकवाल्यांच्या ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय. मथळा ‘प्रोस्टेटच्या पेशंटांनी सावधान!’ आणि पुढं पाच मुद्दे. एक, प्रोस्टेटच्या कॅन्सरला लाईट, म्हणजे रेडिएशन घेतलं की पुरुषत्व कायमचं जातं. दोन, ऑपरेशन केलं तर शाबूत राहतं. तीन, किरणं अंगात राहतात, म्हणून बायकोजवळ झोपायचं नाही आणि नातवंडांना मांडीवर घ्यायचं नाही. चार, वीर्य आटतं आणि ताकद संपते. पाच, इंग्रजी गोळ्यांनी हार्ट बंद पडतं, त्यापेक्षा अमुक चूर्ण घ्या. खाली मोबाईल नंबर. तो नंबर बघितला की वरचे चार मुद्दे कशासाठी लिहिलेत ते कळतं. पण लोक नंबर विसरतात, मुद्दे धरून बसतात आणि लाईटची तारीख पुढं ढकलतात.

माझं मेडिकलचं दुकान आहे. या विषयावरचं गिऱ्हाईक दुकानात दुसरं कुणी नाही असं बघून, आधी एक क्रोसिनची पट्टी मागतं आणि मग बोलतं. त्यामुळे हा मेसेज किती जणांच्या डोक्यात बसलाय, ते मला जरा जास्तच दिसतं.

‘लाईट घेतली की पुरुषत्व कायमचं जातं.’ यात तथ्य अजिबात नाही असं कुणी सांगत असेल, तर तोही फसवतोय. प्रोस्टेट ही मूत्राशयाच्या खालची अक्रोडाएवढी ग्रंथी. लिंगाला ताठरता आणणाऱ्या नसा तिला दोन्ही बाजूंनी चिकटून खाली जातात, रक्तवाहिन्याही तिथूनच. किरणं कितीही नेम धरून मारली तरी त्यांची थोडी झळ शेजाऱ्यांना बसतेच. मात्र हा परिणाम सावकाश होतो. शेवटची लाईट घेऊन घरी आलेल्या माणसाला बहुतेक वेळा फारसा फरक जाणवत नाही. रक्तवाहिन्या आकसत जातात तशी ताठरता पुढच्या दोन-तीन वर्षांत हळूहळू उणावते. कुणाची किती, हे लाईटच्या आधी परिस्थिती कशी होती यावर बरंचसं ठरतं. वय, शुगर, बीपी, विडी-तंबाखू, हार्टचं दुखणं यांचा वाटा मोठा असतो. आधी सगळं ठीक असलेल्या साठीच्या माणसाला आणि पंधरा वर्षं शुगर असलेल्या पंचाहत्तरीच्या माणसाला एकच भविष्य सांगणारा मेसेज ज्योतिष झाला, वैद्यकीय माहिती नाही.

पण या मुद्द्यातली खरी गफलत वेगळीच आहे. मागे एक काका आले होते, जन्मभर यंत्रमागावर काम केलेले. बायको बरोबर होती. काका म्हणाले, “मालक, लाईटनं सगळं गेलं बगा. मनातच येत न्हाई काय.” मी फाईल मागितली. लाईट तर होतीच, पण प्रत्येक तीन महिन्यांनी एकेक सुई लिहिलेली होती आणि ती अजून चालू होती. मी विचारलं, अंगातून एकदम गरम वाफा निघाल्यासारखं होतं का? काका गप्प. काकू बोलल्या, “दादा, थंडीत पंखा फुल्ल करत्यात. घामानं बनियन भिजतंय. आन् भिंतीकडं तोंड करून झोपत्यात. मला वाटलं, माझ्यावरच राग धरलाय.”

ही सुई म्हणजे हार्मोनचं इंजेक्शन. प्रोस्टेटचा कॅन्सर टेस्टोस्टेरॉन या पुरुषी हार्मोनवर पोसतो. ते बंद केलं की कॅन्सर आवरतो, हे चार्ल्स हगिन्स या डॉक्टरांनी १९४१ साली दाखवून दिलं आणि त्याबद्दल १९६६ साली त्यांना नोबेल मिळालं. लाईटसोबत अनेकांना ही सुई काही महिने देतात, जोखीम जास्त असेल तर दीड ते तीन वर्षंही. हार्मोन बंद झाला की इच्छाच मरते, अंगातून वाफा येतात, चिडचिड होते, स्नायू उतरतात, पोट सुटतं. लाईट इच्छेला हात लावत नाही, तिचा मार बसतो तो ताठरतेवर. ‘मनात येतं पण जमत नाही’ आणि ‘मनातच येत नाही’ या दोन निराळ्या तक्रारी आहेत आणि दुसरीचं खापर लाईटवर फोडणं चूक आहे.

सुई थांबली की बहुतेकांचा हार्मोन परत चढायला लागतो. त्याला काही महिने लागतात, वय जास्त आणि सुई लांबलेली असेल तर वर्षाच्या वरही, आणि काहींचा पूर्ववत येत नाही. खर्च परवडत नाही म्हणून सुईऐवजी वृषण काढायचं ऑपरेशन केलेलं असेल, तर तो परिणाम कायमचा. पण म्हणून आपल्या मनानं सुई बंद करू नका. जोखमीच्या कॅन्सरमध्ये लाईटला सुईची जोड दिली की आयुष्य वाढतं, हे चाचण्यांतून सिद्ध झालेलं आहे. त्या काकांना मी एवढंच सांगितलं, की पुढच्या तारखेला काकूंना आत घेऊन जा आणि सुई कधीपर्यंत आहे ते विचारा.

‘ऑपरेशन केलं तर शाबूत राहतं.’ हा मुद्दा तर सरळ उलटा आहे. ब्रिटनमध्ये प्रोटेक्ट नावाची मोठी चाचणी झाली. प्रोस्टेटपुरताच कॅन्सर असलेल्या, ५० ते ६९ वयाच्या १६४३ पुरुषांना चिठ्ठ्या टाकाव्यात तसं तीन गटांत वाटलं: ऑपरेशन, लाईट आणि नुसती देखरेख, म्हणजे लगेच उपचार न करता तपासण्या करत लक्ष ठेवणं. सुरुवातीला शंभरातल्या ६७ जणांना संबंधापुरती ताठरता होती. सहा महिन्यांनी ऑपरेशनच्या गटात १२, लाईटच्या गटात २२ आणि देखरेखीच्या गटात ५२ उरले. सहा वर्षांनी ऑपरेशन १७, लाईट २७, देखरेख ३०.

हे आकडे दोनदा वाचा. लाईटवाल्यांना सुरुवातीचे तीन ते सहा महिने सुईही होती, म्हणून सहा महिन्यांचा आकडा इतका खाली आणि पुढं थोडा वर. आणि देखरेखीतले लोक? ५२ वरून ३० वर आले. त्यातल्या बऱ्याच जणांनी मधल्या काळात उपचार घेतले हे खरं, पण बाकीचं काम वयानं केलं. म्हणजे सहा वर्षांनी लाईटचा गट आणि देखरेखीचा गट जवळजवळ शेजारीच बसलेत. नसा वाचवून ऑपरेशन करायची पद्धत अमेरिकेत पॅट्रिक वॉल्श यांनी १९८२ पासून रूढ केली, त्यानं फरक पडला, पण गाठ नसेला भिडलेली असेल तर सर्जन तरी काय करणार? ऑपरेशनमध्ये धक्का पहिल्याच दिवशी बसतो आणि पुढची दोनेक वर्षं थोडंथोडं सुधारत जातं. लाईटचं गणित याच्या उलट. याच चाचणीत १५ वर्षांनी प्रोस्टेट कॅन्सरनं दगावलेले तिन्ही गटांत शंभरात तीनच्या आसपास होते. अर्थात ही मंडळी आजार लवकर सापडलेली. आपल्याकडं लघवी अडल्यावर किंवा हाडं दुखायला लागल्यावर माणूस दवाखाना गाठतो. तेव्हा ऑपरेशन की लाईट ही निवड बऱ्याचदा आपल्या हातात राहिलेलीच नसते.

‘किरणं अंगात राहतात.’ नाही राहत. बाहेरून देतात ती लाईट मशीन बंद झालं की संपली, एक्स-रे काढून आलेल्या माणसासारखंच. कोबाल्टच्या जुन्या मशीनमध्येही किरणांचा स्रोत मशीनमध्येच राहतो. बार्शीला लाईट घेऊन एसटीत बसलेल्या माणसाशेजारी खुशाल लेकुरवाळी बाई बसू दे. अपवाद एकच: प्रोस्टेटमध्ये बारीक किरणोत्सारी बिया कायमच्या ठेवतात तो प्रकार. त्यात गरोदर बाई आणि लहान पोरं यांच्याबाबत काही काळ जपायला सांगतात, आणि ते डॉक्टर स्वतःहून सांगतात. कॅन्सर संबंधातून बायकोला लागत नाही आणि संबंध ठेवल्यानं वाढतही नाही. ज्यांची बायको तरुण आहे त्यांनी मात्र उपचार चालू असताना आणि नंतर साधारण वर्षभर दिवस राहू देऊ नयेत. मूल हवं असेल तर लाईटच्या आधीच वीर्य साठवण्याबद्दल विचारावं.

‘वीर्य आटतं, ताकद संपते.’ पहिला भाग खरा. वीर्यातलं बहुतेक पाणी प्रोस्टेट आणि तिला लागून असलेल्या शुक्राशयांतून येतं. लाईटनंतर हे कारखाने मंदावतात, म्हणून वीर्य कमी होतं, कधी अजिबात येत नाही. सुरुवातीला जळजळ होते, क्वचित रक्ताचा अंश दिसतो, तो दिसला तर डॉक्टरांना सांगावं. पण सुखाची जाणीव वेगळ्या नसांतून येते, ती कोरड्यातही राहते. एक थेंब म्हणजे इतके थेंब रक्त, हा हिशेब शरीरशास्त्रात कुठंच नाही.

राहिलं चूर्ण. ताठरता कमी झाली तर सिल्डेनाफिल, टाडालाफिल या गोळ्यांचा लाईटनंतर बऱ्याच जणांना उपयोग होतो, शिवाय त्या आता महागही राहिलेल्या नाहीत. लाईट चालू असतानाच रोज टाडालाफिल घेतली तर पुढचं नुकसान टळेल का, हेही अमेरिकेत तपासलं गेलं. २०१४ साली निकाल आला, टळत नाही. म्हणजे गोळी ही गरजेच्या वेळची मदत, कवच नाही. तिनं भागलं नाही तर व्हॅक्यूम पंप, लिंगात घ्यायचं इंजेक्शन आणि शेवटी इम्प्लांट, असे पुढचे मार्ग यूरॉलॉजिस्टकडं असतात.

हार्टची भीती मात्र एका ठिकाणी शंभर टक्के खरी आहे. छातीत दुखतं म्हणून जिभेखाली सॉर्बिट्रेट घेणाऱ्यानं, किंवा नायट्रेटची कुठलीही गोळी चालू असणाऱ्यानं, या गोळ्यांना हात लावायचा नाही. बीपी एकदम कोसळतं, जीव जाऊ शकतो. म्हणूनच मी चिठ्ठीशिवाय देत नाही आणि गिऱ्हाईक माझ्यावर फुगून जातं. आता गंमत बघा. असल्या ‘शुद्ध जडीबुटी’त हेच सिल्डेनाफिल गुपचूप मिसळलेलं असतं, असं देशोदेशीच्या औषध तपासणीत पुन्हा पुन्हा सापडलंय. डब्यावर ते लिहिलेलं नसतं, किती आहे ते विकणाऱ्यालाही ठाऊक नसतं. इंग्रजी गोळीला घाबरून चूर्ण घेणारा सॉर्बिट्रेटवाला तीच गोळी मोजमापाशिवाय खातोय. घरात कुणी घेत असेल आणि छातीत दुखायला लागलं, तर दवाखान्यात गेल्या गेल्या आधी तो डबा दाखवा, म्हणजे ते नायट्रेट देताना विचार करतील.

आणि लाईट ठरली असेल तर पहिल्या तारखेआधीच डॉक्टरांना विचारा: सोबत सुई आहे का, किती महिने, माझ्या शुगर-बीपीवर पुढं काय धरून चालू? ओपीडीत त्यांच्यामागं रांग असते, ते आपण होऊन हा विषय काढतीलच असं नाही. तोंडी जमत नसेल तर चिठ्ठीवर लिहून द्या.