अर्धे दिवे, सुटलेली माळ आणि रिकामी गव्हाणी: मालकांचं उत्तर

नमस्कार ताई,

आम्ही तुमच्या घरी केलेल्या नाताळच्या सजावटीला तुम्ही दोन तारे देऊन लिहिलंय, की ख्रिसमसच्या झाडावरचे अर्धे दिवे तिसऱ्या दिवशी गेले, जिन्याजवळची माळ रंगासकट खाली आली, येशूजन्माच्या देखाव्यातल्या गोठ्यात बाळयेशू ठेवायचा राहिला आणि दिवाणखाना "नाताळचा बाजार" वाटतोय. पहिल्या दोन चुका आमच्याच.

माळेचं आधी. ९ फुटी हिरवी माळ बॉल आणि रिबिनी बांधल्यावर ३ किलोच्या आसपास भरते. तुमच्या भिंतीला डिस्टेंपर आहे. चिकटवायचा हूक तिथे भिंतीला धरत नाही, रंगाच्या पापुद्र्याला धरतो, आणि वजन आलं की पापुद्रा घेऊनच सुटतो. तळहात फिरवल्यावर पांढरी पूड लागली तर हूक लावायचाच नाही, हे आमच्या माणसाने बघायला हवं होतं. आता माळ कठड्याला फूट-फूट अंतरावर केबल टायने बांधू. रंगाचा खर्च आमचा. नुसतं ठिगळ उठून दिसतं, म्हणून ती भिंत या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत रंगवून देऊ.

झाडावरच्या दिव्यांच्या माळेत एलईडीच्या दोन सिरीज आहेत, म्हणजे एकामागोमाग जोडलेल्या दिव्यांच्या दोन ओळी. एका दिव्याचा पाय, म्हणजे त्याला वायरीशी जोडणारी तार, सुटला की त्याची अख्खी सिरीज विझते, दुसरी चालू राहते. तुमच्या फोटोत मोठे बॉल फांदीऐवजी वायरवर अडकवलेले दिसतात. त्या ओढीने पाय सुटला असणार. खरा क्रम असा: आधी दिवे, खोडापासून टोकाकडे, मग रिबन, मग मोठे बॉल आत खोडाजवळ, छोटे टोकांना.

बाजाराचं मात्र पूर्ण पटत नाही. भरगच्च सजावट म्हटल्यावर ७ फुटी झाडाला १८० बॉल जास्त नाहीत. ठरलेले राणी, मोरपिशी आणि सोनेरी हे रंग झाड, जिना, गोठा असे तिन्हीकडे फिरलेत. नंतर आलेला लाल सांता आणि चंदेरी झिरमिळ्या एकेकट्या पडल्यात, म्हणून नजर तिथेच अडखळते. सांता ठेवायचाच असेल तर लाल आणखी दोन ठिकाणी आणा, उशांचे अभ्रे आणि दारावरच्या रिंगची रिबन पुरे. चंदेरी काढाच. आणि संध्याकाळी ट्यूबलाईट बंद ठेवून बघा. तिच्या पांढऱ्या उजेडात पिवळे दिवे मरतात.

गव्हाणी मुद्दाम रिकामी आहे. बाळयेशू २४ डिसेंबरच्या मध्यरात्री ठेवतात. मूर्ती गोठ्यामागे कापसात गुंडाळून ठेवली आहे. हे निघताना सांगायला हवं होतं.

उद्या सकाळी माणूस येतोय. तोवर दिव्यांच्या माळेचा प्लग काढून ठेवा. सुटलेला दिवा हाताने दाबून किंवा टेप लावून चालू करू नका, तिच्यात थेट २३० व्होल्ट असतात.