घराण्याच्या पुस्तकात आजीचं नाव कुठंय?

जावळी-पाटणकडची बरीच मंडळी हल्ली लिहायला लागलीत. डोंगर, घराणं, पूर्वज यांवर कादंबऱ्या येतायत, कुळाचे इतिहास येतायत. मिळेल ते मी विकत घेऊन वाचते. गिरणगावात हयात घालवलेल्या घरांतल्या मुलांनी आपल्या खोऱ्यावर लिहावं, याचा मला फार अभिमान वाटतो.

पण एक गोष्ट सतत खटकते. हेळव्याने, म्हणजे गावोगाव फिरून घराण्यांच्या वंशावळी सांगणाऱ्याने, सांगितलेली वंशावळ घ्यायची, नाहीतर त्र्यंबकेश्वरच्या उपाध्यायांच्या चोपड्यातली नावं, आणि त्यावर पुस्तक उभं करायचं. पणजोबा, खापरपणजोबा सगळे सापडतात. पणजी मात्र 'अमक्याची बायको' एवढीच.

आता डोंगराची माहिती कुणाकडे होती सांगा. वैशाखात कुठल्या झऱ्याला पाणी असतं, भारंगी कुठल्या उतारावर मिळते, हे त्या पणजीलाच ठाऊक होतं ना?

माझी थोरली आत्या काळाचौकीला राहते. लहानपणीच त्यांचं गाव कोयनेच्या पाण्याखाली गेलं. गाव सोडताना जात्याचा खालचा दगड जड म्हणून तिथेच राहिला, वरचा तेवढा खुंट्यासकट आणला. नव्या गावी शेजारणीच्या फुटक्या जात्याचा खालचा दगड घेऊन त्यावर तो बसवला. जोडी जमेना, पीठ भरड पडायचं, आणि तिची आई दळताना रडायची. धरणावर इतकं वाचलंय मी, असं काही कुठे वाचलं नाही.

बायकांच्या अशा आठवणींना पुरावा काय, असं विचारतात. पुरावे आहेत की! हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ या अभ्यासकांनी मुळशीच्या डोंगरी गावांपासून बायकांच्या जात्यावरच्या ओव्या गोळा करायला सुरुवात केली, पुढे त्या लाखाच्या वर गेल्या. माहेर, भाऊ, वाट, नदी, सगळं त्यांत आहे. तलाठ्याकडचे जुने फेरफार, म्हणजे जमीन कुणाच्या नावावर गेली त्याच्या नोंदी, त्याही काढून बघा. 1956 च्या वारसा कायद्यानंतर वारस नोंदीत लेकींची नावं येऊ लागली. पुष्कळदा भावांसाठी हक्क सोडण्यापुरतीच, पण नाव असतं, कुठे दिली तेही कधीकधी कळतं. आणि दोन बहिणींना वेगवेगळं बसवून विचारा, कुठे जुळतं नि कुठे नाही ते लगेच दिसतं.

कोयनेकाठच्या घराण्यावर कुणी लिहीत असेल तर मला मेसेज करा. आत्या बोलायला तयार आहे. दुपारी तीननंतर या, आधी ती झोपते.