गाडी त्याची, चूक माझी, बोनस कुणाचा?

सकाळपासून विमा कंपनीचा फोन कानाला लावून कान लाल झालाय, आणि शेवटी काय कळलं तर मी "संबंधित व्यक्ती" नाही. ज्या गाडीचं स्टीअरिंग माझ्या हातात होतं त्या गाडीबद्दल बोलायला मी संबंधित नाही! इथे ओकून टाकते, नाहीतर रात्री झोप लागायची नाही.

आमच्याकडे दोन गाड्या. मोठी नवऱ्याच्या नावावर, छोटी माझ्या. हे आरसीवर, म्हणजे नोंदणीच्या कागदावर. रस्त्यावर सगळं उलटं, कारण त्याचं ऑफिस पणजीत, पाटो भागात, आणि तिथे मोठी गाडी लावायची म्हणजे उजाडायच्या आत फोंड्यातून निघायला हवं, म्हणून तो माझी छोटी नेतो. मी वाळपईला शाळेत, वाटेत दोन टीचर उचलते, पावसात तो रस्ता म्हणजे खड्ड्यांच्या मधे मधे थोडं डांबर, म्हणून मोठी माझ्याकडे. चार वर्षं हेच चाललंय आणि कधी मनात आलं नाही की यात काही चुकतंय. नवराबायकोत कसलं माझंतुझं!

तर चवथीच्या चार दिवस आधी, गाडीत मागे माटोळीचं, म्हणजे गणपतीच्या वर बांधायच्या फळाफुलांचं, सामान, नारळ, सुपाऱ्या, कांगलां, आणि उसगावला आतल्या वाटेने येताना वळणावर बरोब्बर मधोमध म्हैस बसलेली. हॉर्न दिला तर ती माझ्याकडे अशी बघते की जणू मीच तिच्या अंगणात शिरलेय. मी डावीकडे घेतली आणि चिऱ्यांच्या गडग्यावर गाडी घासली. बंपर, फेंडर, हेडलाइट. म्हशीला काही नाही, मला काही नाही, नारळ मात्र गाडीभर. गॅरेजवाल्याने आकडा सांगितला १८ हजार.

नवरा म्हणाला क्लेम कर, झिरो डेप आहे, पार्ट जुने म्हणून पैसे कापत नाहीत, भरतो कशाला दरवर्षी. केला फोन. "मॅडम, पॉलिसीहोल्डरशी बोलायचंय." अहो पॉलिसीहोल्डर मीटिंगमध्ये आहे, गाडी मी चालवत होते, गडगा मी बघितलाय, म्हैस मी बघितलीय, त्याने काय बघितलंय? नाही. ओटीपी त्याच्या मोबाईलवर, लिंक त्याच्या मोबाईलवर, आणि तो दर अर्ध्या तासाने मला विचारतोय "डावीकडून लागली की उजवीकडून?"

मग एजंट आला घरी. चहा घेतला आणि हळू आवाजात म्हणतो, "वहिनी, फॉर्मवर साहेबांचं नाव घालूया ड्रायव्हर म्हणून, मालक स्वतः होता म्हटलं की प्रश्नच येत नाहीत." का म्हणून? आपल्याकडे प्रायव्हेट गाडीची पॉलिसी गाडीची असते, मालकाच्या परवानगीने चालवणारा कुणीही चालतो, फक्त त्याच्याकडे त्या गाडीचं चालू लायसन्स पाहिजे. म्हणजे माझं नाव घातल्याने काडीचाही फरक पडत नव्हता. उलट खोटं लिहिलं आणि नुकसान तपासायला येणाऱ्या सर्व्हेअरच्या लक्षात आलं तर अख्खा क्लेम केराच्या टोपलीत. पण नाही, बाई चालवत होती म्हटलं की यांना आपोआप काहीतरी लपवावंसं वाटतं. आणि आमचा हिरो पण म्हणतो, "घाल गो माझं नाव, काय बिघडतं?"

मी म्हटलं ठीक आहे, आण तुझं लायसन्स.

२००५ साली काढलेलं. २० वर्षांची मुदत. जूनमध्ये संपलेलं!

घरात जी शांतता पसरली ती काय सांगू. एजंटने कप खाली ठेवला. म्हणजे जून ते चवथ हा माणूस माझ्या नावावरची गाडी घेऊन रोज बाणस्तारीच्या पुलावरून पणजीला जात होता, बिनलायसन्सचा. या काळात त्याने गाडी कुठे ठोकली असती तर माझा क्लेम गेला असता, आणि समोरच्या माणसाला काही झालं असतं तर कंपनी त्याला भरपाई देऊन नंतर ती मालकाकडून वसूल करायला मोकळी. मालक कोण? मी. ज्या बाईने त्या दिवशी वाळपईत बसून मुलांचे पेपर तपासले असते ती. आणि एजंटचं ऐकून मोठ्या गाडीच्या फॉर्मवर याचं नाव घातलं असतं तर तो १८ हजारांचा क्लेम तिथेच मेला असता. निमूटपणे माझं नाव गेलं फॉर्मवर.

क्लेम पास झाला, हजार रुपये कंपल्सरी डिडक्टिबल, म्हणजे आपणच सोसायचा वाटा, कापून १७ हजार. पार्टी? थांबा. आज रिन्यूअलचा आकडा आला. नवऱ्याचा नो क्लेम बोनस (एनसीबी), म्हणजे क्लेम न केल्याबद्दल प्रीमियमवर मिळणारी सूट, होता ५० टक्के, पाच वर्षं जपलेला. गेला शून्यावर. आता परत पहिलीपासून, २०, २५, ३५, ४५, मग ५०. मी कागद घेऊन बसले. ओडीचा, म्हणजे आपल्याच गाडीच्या नुकसानीचा, प्रीमियम डिस्काउंटच्या आधी साधारण १२ हजार. यंदा सूट गेली ६ हजारांची, पुढच्या वर्षी ३,६००, मग ३ हजार, मग १,८००, मग ६००. बेरीज १५ हजार, वर १८ टक्के जीएसटी, झाले १७,७००. गाडीची किंमत दरवर्षी उतरते म्हणून थोडं कमी धरा. म्हणजे १७ हजार घेतले आणि तेवढेच हप्त्याहप्त्याने परत देणार! वर सर्व्हेअरची वाट बघत गाडी नऊ दिवस गॅरेजात. एनसीबी प्रोटेक्ट नावाचं अ‍ॅड-ऑन असतं म्हणे, ते मागच्या वर्षी "कशाला उगाच" म्हणून कुणी काढून टाकलं ते मी सांगत नाही, त्याचं लायसन्स जूनमध्ये संपलं होतं एवढंच सांगते.

आणि घरात बोलणी कुणाला? मला. "माझा बोनस तू घालवलास." अरे! माझ्या छोटीला मागच्या दोन वर्षांत तू दोनदा खरचटवलीस, एकदा पार्किंगच्या खांबाला, एकदा कुठे ते तुलाच माहीत, आणि माझा बोनस जाऊ नये म्हणून मी दोन्ही वेळा खिशातून पैसे भरले. ते कुठल्या खात्यात लिहायचं?

मग याची आयडिया, आरसीच बदलून घेऊ, जो जी चालवतो ती त्याच्या नावावर. एजंटला विचारलं तर कळलं की बोनस गाडीचा नसतो, माणसाचा असतो. गाडी माझ्या नावावर झाली तरी तिच्यावरची सूट मला मिळत नाही. मी म्हटलं, नवराबायकोत सुद्धा नाही? तर हा गृहस्थ अगदी शांतपणे म्हणतो, "वारसाला मिळतो वहिनी. साहेब गेले तर."

मी नवऱ्याकडे बघितलं. नवऱ्याने माझ्याकडे बघितलं. विषय तिथेच थांबला, पण खरं सांगते, आजच्या मूडमध्ये मी क्षणभर हिशोब केला.

मग म्हटलं, २०२२ पासून ती फ्लोटर पॉलिसी आलीय ना, एका छत्रीखाली सगळ्या गाड्या? आहे, पण गाड्या एकाच मालकाच्या पाहिजेत. एका माणसाच्या पाच गाड्या असतील तर त्याची सोय, नवराबायकोच्या दोन असतील तर बसा बोंबलत.

पण माझं टाळकं खरं सरकलं ते पुढच्या कागदावर. दोन्ही पॉलिस्यांत ओनर-ड्रायव्हरचा सक्तीचा अपघात विमा आहे, १५ लाखांचा, दोघांनी वेगवेगळे पैसे भरलेत. मी अटी वाचल्या, भिंग घेऊन. आरसीवरचा मालक पाहिजे, पॉलिसीवर नाव त्याचंच पाहिजे, आणि गाडी तीच पाहिजे. आता बघा हं. मी त्याच्या गाडीत, तो माझ्या गाडीत. ती गाडी माझी नाही, ही गाडी त्याची नाही. चार वर्षं दोघांनी प्रीमियम भरला आणि चार वर्षं रोज सकाळी आठ वाजता दोघेही त्या १५ लाखांच्या बाहेर जाऊन बसलो! म्हशीच्या ऐवजी ट्रक असता तर?

याहून भारी पुढे. गाडीशी न जोडलेला, स्वतःच्या नावाचा १५ लाखांचा अपघात विमा आधीच असेल तर हा सक्तीचा घ्यावाच लागत नाही, २०१९ पासून. तो तुम्ही कुठल्याही गाडीत असा, बसमध्ये असा, चालत असा, लागू. बदलाबदली करणाऱ्यांना नेमका तोच हवा. मी विचारलं, हे आधी का नाही सांगितलं? "तुम्ही कधी विचारलं नाही, वहिनी." आम्ही विचारायला आम्हाला माहीत हवं ना रे बाबा! चार वर्षं दर रिन्यूअलला चहा पिऊन गेलास, एकदा विचारलंस की कुठली गाडी कोण चालवतं?

दोघांच्या नावाने तसले विमे आता टाकलेत. अठरा हजारांच्या आतलं काहीही असेल तर क्लेम करायचा नाही असं ठरलंय, म्हणजे मी ठरवलंय. लायसन्सच्या रिन्यूअलचा अर्ज गेलाय, मेडिकल सर्टिफिकेटसाठी डॉक्टरकडे मीच नेऊन आणला. नवीन कार्ड येईपर्यंत साहेब कदंबच्या बसने पणजीला जातात, उभ्याने, आणि छोटी पंधरा दिवस अंगणात उभी आहे, तिच्यावर शेजारच्या फणसाची पानं पडतायत. काल विचारत होता, रविवारी फक्त बाजारापर्यंत नेऊ का?

चावी माझ्या पर्समध्ये आहे. दोन्ही.